यंदाची आरास आपल्या गावची असू द्या : नाशिकच्या गणेश मंडळांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहरातील सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, पदाधिकारी आणि कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

गणपतीला अजून अवकाश आहे. पावतीपुस्तकं छापायला गेलेली नाहीत, मांडवाच्या परवानगीचे अर्ज भरायचे आहेत आणि यंदा आरास कशाची करायची यावर कट्ट्यावर नुसती चर्चा चालू आहे. म्हणूनच हे पत्र आत्ता लिहिते आहे. एकदा कारागिराला ॲडव्हान्स गेला की विषय बदलत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

मी जुन्या नाशकात वाढले. माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते आणि बरीच वर्षं ओळखीच्या मंडळांना देखाव्यांची संहिता लिहून देते. पडदा सरकताना जो आवाज ऐकू येतो, त्यांतला एखादा माझा असतो. त्यामुळे प्लायवूडचा भाव काय, लाइटवाला कितीला येतो, आणि सातव्या दिवशी कलाकारांचे घसे आणि गुडघे कसे बसलेले असतात, हे मी जवळून पाहिलेलं आहे. बाहेरून उपदेश करणाऱ्यांपैकी मी नाही, एवढं आधी सांगते.

माझी विनंती एकच आहे. यंदा तुमच्यापैकी जितक्या मंडळांना जमेल तितक्यांनी देखावा आपल्या गावात आणि आपल्या जिल्ह्यात घडलेल्या गोष्टीचा करा. आणि तो करताना काय घडलं याच्या जोडीला का घडलं, हेही सांगा.

ही विनंती शिक्षण खात्याला न करता तुम्हाला का करते आहे? शाळेत मला पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास मिळतो. त्यातली पाच हजेरीत जातात, आणि समोर एकाच वयाची मुलं असतात. तुमच्या मांडवासमोर रांगेत कोण उभं असतं ते बघा. सिडकोतून लेकराला खांद्यावर घेऊन आलेला बाप, सातपूरच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट सुटून आलेली मुलं, पंचवटीतल्या आज्या, गिरणाऱ्याहून टेम्पोत बसून आलेलं अख्खं कुटुंब. एवढी वेगवेगळी माणसं एकाच गोष्टीसाठी, कुणी न बोलावता, तासभर उभी राहतात. परीक्षा नाही, मार्क नाहीत, तरी ऐकतात. इतका मोठा वर्ग नाशकात दुसऱ्या कुणाकडे नाही. तो तुमच्याकडे दहा दिवस असतो.

आणि या वर्गात आपण दाखवतो काय? केदारनाथ, अमुक मंदिराची प्रतिकृती, त्या वर्षी गाजलेल्या चित्रपटातला महाल. क्रिकेटचा विश्वचषक आला की बाप्पाच्या हातात बॅट येते. मला यातलं काहीच वाईट वाटत नाही. लोकांना जे आवडतं ते उत्सवात आलंच पाहिजे, आणि बॅट घेतलेला गणपती बघून माझ्या भाच्याचे डोळे जसे लकाकतात तसे माझ्या कुठल्याही तासाला लकाकलेले नाहीत. मला खटकतं ते वेगळंच. जे देशभर कुठेही दाखवता येतं तेच आपण दाखवतो, आणि जे फक्त आपल्याकडे आहे ते राहून जातं.

ऐतिहासिक चित्रपटांचंच घ्या. अलीकडे छत्रपती संभाजी महाराजांवरचे चित्रपट पाहून मुलं थिएटरातून रडत बाहेर आली, घोषणा देत बाहेर आली. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी मला जे प्रश्न विचारले, ते नुसत्या पाठ्यपुस्तकाने कधीच विचारायला लावले नसते. त्याबद्दल मी त्या चित्रपटवाल्यांची ऋणी आहे. मग मी विचारलं, महाराजांच्या काळात औरंगजेबाच्या फौजेला सगळ्यात जास्त कुठल्या किल्ल्याने झुंजवलं? मुलांनी रायगड म्हटलं, पन्हाळा म्हटलं. रामशेज कुणीच म्हटलं नाही. त्यातली अर्धी मुलं म्हसरूळ आणि मखमलाबादकडची. पेठ रस्त्याला लागलं की समोर दिसतो तो डोंगर त्यांनी रोज पाहिलेला आहे.

रामशेजचा वेढा 1682 मध्ये सुरू झाला. किल्ला काही अवघड नाही. आपल्याकडे साल्हेर आहे, हरिहर आहे; त्यांच्यापुढे रामशेज म्हणजे सकाळी चढून नाश्त्याला घरी परत यावं असा. त्याला घोर जंगल नाही, छाती दडपणारे कडे नाहीत. बादशहाच्या सरदारांना तो काही दिवसांत पडेल असं वाटलं आणि तो पाचएक वर्षं लढला. किल्ल्यावर धातूच्या तोफा नव्हत्या. मग शिबंदीने लाकडाचे ओंडके पोखरले, त्यांना कातडं लावलं आणि त्यांतून मारा केला. मुघलांनी किल्ल्याशी भिडण्यासाठी लाकडी बुरूज रचला. सरदार बदलून पाहिले. शेवटी 1687 च्या सुमारास किल्ला गेला तो लढाईने गेला नाही, फितुरीने गेला.

यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी की लाकडी तोफांची नोंद खाफीखानाने करून ठेवलेली आहे. म्हणजे मुघलांच्या बाजूने इतिहास लिहिणाऱ्याने. शत्रूच्या लेखणीतून आलेली दाद. देखाव्याच्या निवेदनात हे एक वाक्य घाला आणि बघा, रांगेतला एखादा मुलगा विचारेलच की मग आपल्याला हे कळलं कसं. इतिहास शिकायला सुरुवात होते ती याच प्रश्नापासून. आणि कारागिरांसाठी म्हणून सांगते, लाकडी तोफ हा प्लायवूड आणि फोममध्ये उठून दिसणारा विषय आहे. राजवाड्याच्या कमानीपेक्षा खर्चही कमी येईल.

आता क्रिकेट. तुमच्या मंडळांतली निम्मी पोरं रविवारी बॉल घेऊन मैदानावर असतात. आपल्या गोल्फ क्लबच्या मैदानाचं अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात, सकाळी तिथे चालायला गर्दी असते. मी आठवीच्या वर्गात विचारलं, कान्हेरे कोण होते. एका हुशार मुलाने हात वर करून सांगितलं, "मॅडम, जुने रणजी प्लेअर असतील." तो मुलगा चुकला असं मी म्हणणार नाही. मैदानाला खेळाडूचं नाव असणार, हा तर्क बरोबरच होता. त्याला दुसरं काही कुणी सांगितलेलंच नव्हतं.

तर या मैदानाची गोष्ट तुमच्याच उत्सवातून सुरू होते. ती नीट सांगते, कारण मंडळाच्या प्रत्येक कार्यकर्त्याला ती तोंडपाठ असावी असं मला मनापासून वाटतं.

लोकमान्यांनी 1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिलं तेव्हा त्याच्या सोबतीने मेळे आले. पोरं एकत्र जमायची, पदं बसवायची, उत्सवात गाऊन दाखवायची. आजच्या ढोलपथकाची ती पणजोबा मंडळी. नाशकात सावरकर बंधूंच्या भोवती जो मित्रमेळा जमला तो याच धाटणीचा. त्याच्यासाठी पदं लिहायचे कवी गोविंद. अपंग माणूस, जुन्या नाशकातल्या गल्लीत राहणारा. पण त्यांची गाणी लोक चौकाचौकात म्हणायचे. वरून शिवाजी महाराजांची आणि अफजलखानाची गोष्ट असायची, आतला अर्थ ऐकणाऱ्याला बरोबर कळायचा. सरकारलाही कळला. 1904 मध्ये मित्रमेळ्याची अभिनव भारत ही क्रांतिकारकांची गुप्त संघटना झाली. पुढे बाबाराव सावरकरांनी कवी गोविंदांच्या कविता छापून प्रसिद्ध केल्या, म्हणून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि 1909 मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कवितांसाठी जन्मठेप.

त्या वेळी नाशिकचा कलेक्टर होता जॅक्सन. त्या खटल्याचा राग त्याच्यावर होता. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरात किर्लोस्कर नाटक मंडळींच्या 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. जॅक्सनची बदली झालेली, त्याच्या निरोपाच्या निमित्ताने तो नाटकाला येणार होता. औरंगाबादेत शिकणारा अनंत कान्हेरे प्रेक्षकांत होता. जॅक्सन आत येताच त्याने गोळ्या झाडल्या. 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना फाशी झाली. कान्हेरेंचं वय अठराच्या आसपास होतं. आज आपल्या मंडळात पावत्या फाडत फिरणाऱ्या मुलांचं असतं तेवढं.

गणपतीचा मेळा, मेळ्याची गाणी, गाण्यांचा खटला, नाटकाचं थिएटर, आणि शेवटी ज्यावर पोरं षटकार मारतात ते मैदान. करमणूक आणि इतिहास वेगळे काढायचे म्हटले तरी नाशकात ते निघत नाहीत.

हा देखावा आम्ही एका मंडळात जिवंत कलाकारांना घेऊन केला होता. त्याची तालीम मला अजून लख्ख आठवते, कारण त्या तालमीतच खरी शाळा भरली. रात्री नऊनंतर मांडवाच्या मागच्या बाजूला, ट्युबलाइटखाली, ढोलांच्या थप्पीला टेकून सगळे बसलेले. कान्हेरे व्हायला चौघं तयार. जॅक्सन व्हायला कुणीच तयार होईना. "ताई, मला गल्लीत वर्षभर जॅक्सन म्हणतील," एकाने सांगून टाकलं. शेवटी मोबाइलच्या दुकानात काम करणारा एक उंच मुलगा कबूल झाला, पण त्याची अट होती की हा माणूस कोण होता ते त्याला आधी कळलं पाहिजे.

मग मी सांगितलं. जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता. लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणायचे. आपल्याकडच्या नाटकांची त्याला गोडी होती. मुलगा म्हणाला, "म्हणजे चांगला होता?" कान्हेरे होणारा मुलगा एकदम उसळला, "चांगला होता तर कवितेला जन्मठेप कशी झाली त्याच्या जिल्ह्यात?" आणि मग पाऊण तास तिथे जे चाललं, ते मला वर्गात कधी घडवता आलेलं नाही. माणूस वैयक्तिक चांगला असू शकतो आणि तरी तो ज्या राज्याची खुर्ची सांभाळतो ते राज्य अन्यायाचं असू शकतं का? अठरा वर्षांच्या मुलाने पिस्तूल उचलण्याआधी कुठकुठले मार्ग बंद झालेले होते? गांधीजींचा मार्ग तेव्हा इथे होता का? एकजण फोनवर तारखा शोधत होता. एकजण म्हणाला की आपण गोळीचा आवाज काढायचा नाही, रांगेत लहान मुलं असतात. सुतळी बॉम्बची कल्पना तिथेच रद्द झाली. गोळीच्या क्षणी सगळे दिवे घालवायचे, दोन श्वास अंधार, आणि मग फक्त तीन नावं आणि तारीख, असं ठरलं.

तो अंधाराचा क्षण दहाही दिवस चुकला नाही. आणि रांगेतली माणसं बाहेर पडताना विचारायची, ते थिएटर नेमकं कुठे होतं. मग पोरांनी पुठ्ठ्यावर नकाशा काढून खांबाला बांधला. एका गृहस्थांनी नातवाला घेऊन तिथवर चालत जाऊन यायचं ठरवलं आणि परत येऊन मंडळाच्या पोरांना सांगून गेले. मला आयुष्यात मिळालेल्या शाबासक्यांमध्ये ती वरची आहे.

एका विषयाला मंडळं हात लावत नाहीत. त्याबद्दल मी सरळ बोलणार आहे. अस्पृश्य मानलेल्यांना देवळात प्रवेश मिळावा म्हणून झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह. 2 मार्च 1930. गांधीजी दांडीला निघाले 12 मार्चला, म्हणजे त्याच्या दहा दिवस आधी आपल्या पंचवटीत हजारो माणसं शिस्तीत, रांगेने मंदिराकडे चालत आली होती. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, आणि नाशकात तो लढा वर्षानुवर्षं खांद्यावर वाहिला दिंडोरी तालुक्यातल्या दादासाहेब गायकवाडांनी. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. सत्याग्रही दारांसमोर बसून राहिले. बायका मोठ्या संख्येने होत्या. एप्रिलमध्ये रामाच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. लढा काही वर्षं चालला, आणि 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. काळारामाची बंद दारं आणि येवल्याचं भाषण यांच्यातला रस्ता फार लांबचा नाही.

हा विषय अवघड का वाटतो, ते मला कळतं. इथे दार बंद करणारा बाहेरचा कुणी नव्हता. इंग्रजाला खलनायक करता येतो, औरंगजेबाला करता येतो. इथे दाराच्या दोन्ही बाजूंना नाशिककर होते. आपल्यापैकी कुणाचे पणजोबा आत होते, कुणाचे बाहेर. पण म्हणूनच तो देखावा व्हायला हवा, आणि तो गणपतीच्या मांडवात व्हायला हवा, जिथे आज सगळ्या आळ्यांतली माणसं एका रांगेत येतात. कुणाला खाली दाखवण्याची गरज नाही. पडदा उघडल्यावर एक बंद दार दाखवा आणि त्याच्या पायरीवर बसलेली माणसं दाखवा. नऊवारी नेसलेली बाई, तिच्या मांडीवरचं मूल, डोक्यावर ऊन. निवेदनात फक्त तारखा आणि मागणी सांगा: आम्हाला माणूस म्हणून बरोबरीने वागवा. करायचं ठरवलं तर एक मात्र करा. संहिता लिहिताना ज्या वस्त्यांमधून सत्याग्रही गेले, तिथल्या मंडळांना सोबत घ्या. त्यांच्या घरांत आठवणी आहेत, नावं आहेत. दोन मंडळांनी मिळून एक देखावा केला तर नाशकात त्याची चर्चा वर्षभर होईल.

दादासाहेब फाळके हा विषय त्या मानाने सोपा, आणि चित्रपटांच्या वेडापायी आरास करणाऱ्या मंडळांना तर घरचाच. आपली मिरवणूक त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून जाते. त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेल्या या माणसाचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला मुंबईत कोरोनेशन थिएटरात लागला, आणि त्यानंतर त्यांनी आपलं बिऱ्हाड आणि कारखाना नाशकात आणला. इथेच चित्रपट काढले, इथेच 1944 मध्ये गेले. पण माझी विनंती आहे की यात दादासाहेबांच्या इतकीच जागा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंना द्या. कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं काम त्या अंधारात बसून करायच्या. फिल्म धुण्यात त्या होत्या. युनिटमधल्या सगळ्यांचा स्वयंपाकही त्याच करायच्या. दागिने दिले ते वेगळंच. त्या पहिल्या चित्रपटात राणी तारामती झाले होते अण्णा साळुंके, एका हॉटेलातले स्वयंपाकी, कारण बाया पडद्यावर यायला तयार नव्हत्या. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फिल्म हाताळणारी बाई, असा देखावा कुठल्याही सिनेमाच्या सेटला मागे टाकील.

खेळाडूंच्या बाबतीत मी फक्त आठवण करून देते, कारण ही नावं तुम्हाला माहीत आहेत. कविता राऊत, हरसूल भागातल्या सावरपाड्याची. पाड्यावरच्या अनवाणी वाटा धावत मोठी झाली आणि 2010 च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला ब्राँझ. त्या स्पर्धेच्या इतिहासात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये रौप्य. दत्तू भोकनळ, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. ज्या गावात पाण्यासाठी विहिरी खोदायच्या, त्या विहिरी खोदण्याचं काम केलेला मुलगा सैन्यात जाऊन नौकानयन शिकला, 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला आणि 2018 च्या एशियाडमध्ये चौघांच्या नावेत सुवर्ण घेऊन आला. विदित गुजराथी 2024 च्या बुडापेस्ट बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. कविता आणि दत्तू यांची गोष्ट सांगताना मात्र गरिबीवर मात केली एवढ्यावर थांबू नका. पाड्यावर पाणी का नव्हतं आणि चांदवडला दुष्काळ का पडतो, हेही निवेदनात दोन वाक्यांत येऊ द्या. नाहीतर त्यांचं कौतुक करून आपण मोकळे होतो आणि पाड्यावर हंडे तसेच राहतात.

ज्या मंडळांजवळ तालीम आहे, व्यायामशाळा आहे, त्यांनी मल्लखांब घ्यावा. मल्लखांबाला नवं रूप देणारे बाळंभटदादा देवधर आपल्या निफाड तालुक्यातल्या कोठुऱ्याचे, दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेले. वणीच्या सप्तशृंगीवर त्यांना या विद्येचा दृष्टांत झाला अशी आख्यायिका आहे. तिला आख्यायिका म्हणूनच सांगा. पण पुरलेल्या खांबावर खरी मुलं-मुली चढू द्या. मूर्तीसमोर रोज संध्याकाळी एक तास मल्लखांब झाला तर कुठल्या डीजेची गरज आहे? ज्या गावाच्या ढोलाचं नाव परदेशातल्या लग्नांपर्यंत पोचलं, त्या गावाने भिंतीएवढे स्पीकर भाड्याने आणावेत, हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

आता कामाचं बोलू.

निवेदन सात मिनिटांच्या वर नेऊ नका. रांग थांबते, लहान मुलं रडतात, पोलीस येऊन पडदा लावायला सांगतात. एका देखाव्यात एकच प्रसंग घ्या. सगळा स्वातंत्र्यलढा एका मांडवात बसत नाही. निवेदकाने ओरडू नये, स्फूर्तीसाठी ओरडण्याची गरज नसते. तारीख आणि ठिकाण स्पष्ट सांगावं. चित्रपटातलं पार्श्वसंगीत चिकटवण्यापेक्षा आपल्याच पथकातल्या मुलांकडून संबळ आणि सनई वाजवून घ्या.

ज्या गोष्टीबद्दल पुरावा आहे ती ठामपणे सांगा, जी दंतकथा आहे तिला दंतकथा म्हणा. हे तपासायला कुठे लांब जायचं कारण नाही. आपलं सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे. संध्याकाळी दोन कार्यकर्ते वही घेऊन तिथे गेले तरी पुष्कळ मिळेल. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर जशाच्या तसा निवेदनात घालू नका. पाच-पन्नास हजार माणसं ते ऐकतात आणि घरी जाऊन खरं म्हणून सांगतात.

मांडवाच्या बाहेर पडायच्या वाटेवर एक साधा फलक लावा: हे कुठे घडलं आणि तिथे कसं जायचं. रामशेज असेल तर पेठ रस्ता आणि आशेवाडी. काळाराम असेल तर पंचवटी, पूर्व दरवाजा. शाळांना आधीच्या आठवड्यात पत्र पाठवा आणि दुपारी बारा ते चार देखावा मुलांसाठी चालू ठेवा. त्या वेळात मांडव नाहीतरी रिकामाच असतो.

संहिता तपासून हवी असेल, तर मी आणि माझ्या ओळखीतले इतिहासाचे काही शिक्षक ते काम आनंदाने आणि विनामूल्य करू. ज्या मंडळांसाठी आजवर लिहिलं आहे त्यांच्याकडे माझा नंबर आहे, त्यांच्याकडून घ्या. आषाढ संपायच्या आत कच्चा मसुदा हातात आला तर ध्वनिमुद्रणाला वेळ मिळतो आणि कलाकारांच्या तालमी नीट होतात. रामशेज करणाऱ्या मंडळाला एक सुचवते: कारागिराला आधी एका सकाळी किल्ल्यावर घेऊन जा, दरवाजाची आणि कोरीव टाक्यांची मापं तिथेच घ्या. पाऊस असेल तर दगड निसरडे असतात, बूट घालून जा.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
जुन्या नाशकातील एक इतिहास शिक्षिका